झाडाखालचा स्टुडिओ

—नाही नाही, हसायचं नाही मावशी, दात दिसले की व्हिसावाले फोटो परत पाठवतात. ओठ मिटून, हनुवटी जरा खाली, केस मागे घ्या, कान दिसू देत — हां, असं. आणि आता बोलू नका, बोललात की तोंड हलतं. तुम्ही काय विचारणार होतात ते मला ठाऊकच आहे. पोरा, तुला दुकान नाही का, असा झाडाला पांढरी चादर टांगून काय बसलास, हेच ना? सगळेच विचारतात. मी सांगतो, दिव्याच्या उजेडात माणूस आजारी दिसतो, इथलं ऊन बरं. आणि ते खोटं नाही हं — वर बदामाचं झाड, मागे समुद्र, बाजारातल्या बायकांचा गलका, कुणाला नको असली जागा? फक्त ही पानं. वारा सुटला की पानाची सावली गालावर येते, आणि मग तिकडे न्यूझीलंडला त्यांना वाटायचं बाईंच्या गालावर डाग आहे. सफरचंदं तोडायच्या कामालाच निघालात ना? तरी वाटलंच, सध्या सगळे त्यालाच निघालेत. थांबा, एकदा परत घेतो. घाई नाही ना तुम्हाला? मला तर मुळीच नाही.

ती बाटली? ती प्यायची नाही हो. तहान लागली असेल तर शहाळं आणतो. त्या बाटलीतल्या पाण्याकडे मी मधूनमधून बघतो, एवढंच. जमीन हलायला लागली की माणसाच्या आधी पाण्याला कळतं. आत्ता स्थिर आहे. आहे ना? तुमच्या बाजूनं दिसतंय ना स्थिर? — मान नका हलवू.

मी तारी. तासोमामाचा बँड ऐकला असेल तुम्ही, लग्नात, नाहीतर बंदरावर बोट लागते तेव्हा. छोट्या चार तारांच्या युकुलेल्या, गिटारी, चहाच्या खोक्याला दोरी बांधून केलेला बास, आणि या सगळ्यावर तो बारीक उंच आवाज असतो ना, बाईचा वाटतो असा — तो माझा. हसू नका, सांगितलं ना. सकाळी फोटो, दुपारी तालीम, संध्याकाळी मामाबरोबर त्या मुळ्यांचा कडू कावा प्यायला, म्हणजे तो पितो आणि मी ऐकतो, असं चाललेलं असतं आमचं. आणि माझ्या डोक्यात एक आहे, सांगू? आमची गाणी सगळी माणसांवरची. बसवाला आहे, प्रवासी विसरून रिकामीच बस घेऊन घरी जातो, त्याच्यावर एक. जास्वंदी विकणारी आजी आहे, गिऱ्हाइकापेक्षा फुलांशी जास्त बोलते, तिच्यावर एक. तर म्हटलं, प्रत्येक गाण्यातल्या माणसाचा मोठा फोटो काढायचा आणि इथंच बाजारात, अळकुड्यांच्या आणि केळ्यांच्या मधून दोरी बांधून टांगायचा. गाणं लागलं की लोकांनी ते ऐकत ऐकत त्या माणसासमोर उभं राहायचं. भाजी घ्यायला यायचं आणि गाणं बघून जायचं. मामा म्हणाला, आधी गाणी तरी नीट रेकॉर्ड होऊ देत, मग तुझ्या दोऱ्या बांध. बरोबर आहे त्याचं. फोटो तयार आहेत माझे, सगळे. राहिलंय ते रेकॉर्डिंगच.

ते आजच आहे. आत्ताच. ती समोर चर्चच्या मागे पिवळी खोली दिसते ना — नाही, तुम्ही नका बघू, मी बघतो. तिथं. आत भिंतींना गाद्या ठोकल्यात, खिडकी एक नाही, दार हे एवढं जाड. रेकॉर्डिंग करणारा आवाजवाला उद्याच्या बोटीनं सांतो बेटावर जाणार, मग परत कधी येईल देव जाणे. सगळे आत आहेत. मी म्हटलं, एका बाईंचा फोटो आहे, उरकून येतो. म्हणजे तुमचा.

हनुवटी वर आली. खाली घ्या. भूकंपाचा मोठा धक्का बसला तेव्हा तुम्ही कुठं होतात? पेंटेकोस्ट बेटावर? मग तुम्हाला नुसता झोका बसला असेल. मी दुकानात होतो, मागच्या खोलीत. दुकान ज्युस्तीनबाईंचं. मालेकुला बेटावरच्या त्या, नवरा गेल्यावर एकटीनं चालवलं, मला कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं. अशा धिप्पाड बाई, आणि आवाज म्हणजे — गंजलेलं फाटक ढकलल्यासारखा. चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसायला कुणी तयार नसायचं. तर आम्ही मागे फोटो छापत होतो. मला आधी वाटलं छपाईचं यंत्रच बिघडलं, घरघर त्यातूनच येतेय. मी त्याच्यावर हात ठेवला, बंद करायला — आणि मग भिंत माझ्याकडे आली. पडली नाही हो, आली, चालत आल्यासारखी, आणि परत गेली. मग वरचं सगळं खाली. दिवे गेले. दार लोखंडी होतं, चौकटच वाकडी झाली त्याची, मी खांदा लावला, लाथा मारल्या, दोन्ही हातांनी ओढलं, ते हलेचना. सकाळी मी तेच दार एका बोटानं लोटून आत आलो होतो.

बाईंचा पाय कपाटाखाली. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तारी, गा. तुझा आवाज लांब जातो, बाहेर ऐकतील." शहाणपणाचंच बोलल्या ना? बाहेर माणसं हाका मारत होती, मला ऐकू येत होती. मी तोंड उघडलं. काही नाही आलं. मी सगळ्यांना सांगतो, धूळ होती घशात. धूळ नव्हती मावशी. धुळीनं खोकला येतो, मला खोकलासुद्धा आला नाही. तोंड उघडं, छाती भरलेली, आणि मधे कुणीतरी गाठ मारून ठेवल्यासारखी. बाईंनी थोडी वाट बघितली, आणि मग त्याच गायला लागल्या, कपाटाखाली पाय घेऊन. रविवारचं भजन, शब्द चुकीचे, सूर तर विचारूच नका, एक कडवं विसरल्या तर पहिलंच परत म्हटलं. त्या आवाजावर आले लोक. बाहेरून एकजण ओरडला, बाई, कळलं कुठे आहात ते, आता थांबलात तरी चालेल. आणि बाई म्हणतात कशा — "दार उघडेपर्यंत नाही थांबणार."

हो, छानच आहे ना गोष्ट. सगळं शहर हसलं त्यावर. बाईपण हसतात, त्या आता लेकीकडे असतात मालेकुलाला, काठी घेऊन चालतात. मी गाणं केलंय त्याचं, आमचं सगळ्यात लोकप्रिय गाणं आहे ते, झाडाखाली म्हटलं की पोरं नाचतात. आजच्या रेकॉर्डिंगला पहिलं तेच घ्यायचंय मामाला. त्या गाण्यात सगळं खरं आहे, एक ओळ सोडून. त्यात मीही त्यांच्याबरोबर गातो.

पाणी बघितलंत का? मला हललेलं वाटलं. — ट्रक गेला. हां. ट्रकच होता.

तेव्हापासून मी छताखाली जात नाही. म्हणजे जमतच नाही. व्हरांड्याच्या कडेला झोपतो, पाय पायरीवर. चर्चमध्ये दारात उभा राहतो, फोटो काढायचेत म्हणून सांगतो, पाद्रीबाबांना वाटतं काय हौशी मुलगा आहे. वाण्याकडे रस्त्यावरूनच ओरडून मागतो, तांदळाला छताखाली जावं लागत नाही. दुकान? दुकान दुरुस्त होऊन कधीचं उभं आहे हो, नवं दार, नवं छत, किल्ली माझ्याच खिशात आहे. बाई फोनवर विचारतात, कसं आहे दुकान, मी सांगतो उजेड मस्त येतो. उजेड येतो खरा, काच पुसायला मी बाहेरूनच जातो ना.

का बघताय हाताकडे? ही पट्टी — मनगट मुरगळलंय. युकुलेली धरवत नाही. मामाला सांगितलंय मी, आज मला सोड म्हणून. दुखतं फार. हा फळा? हा पांढरा फळा तुमच्या तोंडावर उजेड पाडायला धरलाय — हो, याच हातानं धरलाय. मघापासून धरलाय. आता तुमच्यापुढे काय लपवू, तुम्ही परक्या, विमानात बसून निघून जाल. हात ठणठणीत आहे. आणि पट्टीचा उपयोगही झाला नाही. मामानं सकाळी पट्टीकडे बघितलं आणि म्हणाला, हात राहू दे घरी, गळा घेऊन ये. त्याला काय सांगू? की हाताचं खोटं आहे आणि गळ्याचंच खरं आहे? झाडाखाली आवाज येतो माझा, समुद्रावर येतो, बसमध्येसुद्धा येतो खिडकी उघडी असली तर. पण ते दार लागलं, तो रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला, सगळे गप्प झाले माझी वाट बघत, आणि मी तोंड उघडलं, आणि परत तसंच — मग? मग मी कोण? फोटोवाला तर आहेच. पण मी अंगणात रांगत होतो तेव्हापासून मामा मला गायला शिकवतोय.

डोळे पुसू नका, लाल दिसतात फोटोत. तुम्हालाही भीती वाटतेय ना, जायची? पोरं मागे राहणार असतील. मला कळलं होतं तुम्ही स्टुलावर बसलात तेव्हाच, पर्स कशी धरलीय दोन्ही हातांनी. काही नाही, मी काही समजावणार नाही तुम्हाला. मला येत असतं समजावता तर मी इथं बसलो असतो का.

थांबा. ऐका. सुरू केलं त्यांनी.

माझ्याविना सुरू केलं. तो बास बघा, मागे पडतोय. आणि हे — देवा — वरचा सूर मामा लावतोय. साठीला आला माणूस, फाटतोय आवाज, तिथं, बघा, पोचलाच नाही. परत लावतोय. असं कुणी रेकॉर्ड करतं का, तो आवाजवाला काही बोलत कसा नाही — पण इतकं स्वच्छ ऐकू कसं येतंय? रस्त्यापलीकडे? त्या भिंतींना गाद्या आहेत, आत तोफ उडाली तरी बाहेर कळायचं नाही.

मावशी, आता वळून बघितलंत तरी चालेल. माझी नजर जरा... दार उघडं आहे का ते?

दार लागू नये म्हणून बासचं खोकं लावलंय मधे? आणि ते वाजवतायत कशावर मग? बादलीवर. म्हणून मागे पडतोय. ट्रक चाललेत रस्त्यानं, कोंबडे ओरडतायत, सगळं रेकॉर्डमध्ये जाणार, आणि दार उघडं टाकून गातायत. म्हणजे मामाला माझं बंद दाराचं माहीत आहे. कधीपासून माहीत आहे? मला एका शब्दानं बोलला नाही.

उठा मावशी. झाला तुमचा फोटो. मघाशीच झाला, या छोट्या यंत्रावर छापूनही झाला, पहिलाच चांगला आला होता, त्यानंतरचे सगळे मी उगीच काढले. पाकीट हे घ्या. पानाची सावली नाही कुठे, बघून घ्या. जा तुम्ही, बाजारात गर्दी व्हायच्या आत —

नाही, थांबा. त्या दारापर्यंत चालाल माझ्याबरोबर? आत नको, उंबऱ्यापर्यंतच. हात वगैरे नका धरू, लोक बघतील. नुसतं शेजारून चाला. आणि काही विचारू नका मला वाटेत. मीपण आता बोलत नाही.