तान्ह्या पोळ्याची खोट

डोळे नाई. हो, नाईच. बरोबर पाह्यलं तुम्ही, एकाही बैलाले डोळे नाई. रंग हाय, शिंगाले बेगड हाय, चाकं तं अशी फिरते की इथं सोडला तं थेट चुलीपर्यंत जाते — पण डोळे नाई. विसरलो नाई भाऊ, म्हातारा झालो म्हून काय बैलाचे डोळे विसरीन? ते माह्यं काम नाई. माह्यं काम लाकडाचं अन् रंगाचं. डोळे काढणारी दुसरी होती. तुम्ही बसा पह्यले, त्या खाटेवर बसा. अन् येताना फाटक लावलं न? पाहा बरं एक डाव — गल्लीतल्या बकऱ्या टपूनच राह्यते, एक बकरी आत घुसली की झेंडू संपला समजा. लावलं? कडी घातली? बरं. मले इथून तेवढ्या दूरचं दिसत नाई, म्हून इचारलं.

डोमाजीनं पाठवलं असंन तुमाले. शेजारी हाय माह्या. त्याले किती डाव सांगतलं, बावा, हे दुकान नाई — पण तो आर्वीच्या बाजारात गेला की ज्याले त्याले सांगत राह्यते, तळेगावले भैय्याजीच्या घरी लाकडाचे बैल पडून हाय म्हणते. आता पडूनच हाय, खोटं काऊन बोलू. पण मी काही सुतार नाई. जन्मभर किराणा केला, तागडी धरली, पटाशीले कधी हात लावला नाई. ते कसं झालं — माह्यी नात हाय, प्रेरणा, प्रफुलची पोरगी. प्रफुल म्हणजे माह्या पोरगा, पुण्याले राह्यते. पोरगी नुकती चालाले लागलती तेव्हा आलते सगळे तान्ह्या पोळ्याले, म्हटलं पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरगीही लाकडाचा बैल ओढंन. बाजारातून बैल आणला, तं अंगणातून फाटकापर्यंत नाई गेला अन् चाक निंघालं. पोरगी अशी रडली, अशी रडली. मंग मी जिद्दीनं दुकानाच्या जुन्या चौकटीचं सागाचं लाकूड काढलं अन् बसलो कोरत. दिवसभर कोरलं. बुढीनं पाह्यलं — बुढी म्हणजे आमची देवका — पाह्यलं अन् पदर तोंडाले लावला. म्हणे, हा बैल हाय का गाढव? गाढवच होतं ते. म्हणे, आणा इकडे, डोळे मी काढते, डोळे पाहून तरी लोकायले बैल वाटंन. अन् काडीले कापूस गुंडाळून तिनं असे डोळे काढले, भाऊ — त्या गाढवाचा बैल झाला. तेव्हापासून ठरूनच गेलं. लाकूड माह्यं, डोळे तिचे. अन् डोळे आधी काढून ठेवाचे नाई. त्याच दिवशी, सकाळी, आंघोळ करून, अंगणात बसून. कोनं सांगतलं? कोनं नाई. तिचंच शास्त्र.

हे अंगण पाह्यता न, हे सगळं तिचं. ती शेवंती, ती गुलबक्षी, तो मोगरा — यंदा मोगरा रुसला, ती असती तं त्याले बोलली असती. झाडायले बोलत जाय ती. खरंच सांगतो. सकाळी नळाले पाणी आलं की पाइप घेऊन फिरे अन् एकेकाले ऐकवे — तुले काय कमी केलं मी, त्या शेवंतीले पाह्य, किती शहाणी हाय. मी वर बसून लाकूड घासत राहो अन् हसत राहो. मले कधी कधी वाटे, मलेच बोलून राह्यली, झाडाचं नुसतं नाव हाय. अन् झेंडू तं तिचा खास तान्ह्या पोळ्याचा. मृगात बी टाकाचं, म्हणजे बरोबर सणाच्या तोंडावर फुलते. त्याचे हार बैलायले. गल्लीतले सगळे पोट्टे आपापले बैल घेऊन आधी इथंच येत, हार घालून घेत, बोजाऱ्याचे चार पैसे अन् खाऊ घेत अन् मंग पुढं जात. दिवाळीले प्रफुल एखाद्या वर्षी नाई आला, पण तान्हा पोळा त्यानं कधी सोडला नाई. सून रक्षा पुरणाले बसे, प्रफुल झुली शिवे — त्याले कोनं सांगतलं नाई, हौस होती — अन् प्रेरणा बैलाची दोरी धरून घरात इकडून तिकडं. एवढंच. सांगासारखं काय हाय त्याच्यात? काहीच नाई. पण मी दुकान चालवलं, घर बांधलं, पोराले शिकवलं, अन् आता आठवते काय, तं ते चाकं फरशीवर वाजत, तो आवाज.

बी म्हणाल तं तिचंच. फुलं वाळवून चहापत्तीच्या डब्यात ठेवे. ती गेली तेव्हा डबा भरला होता, मी तेच पेरलं, त्याचं बी धरलं, पुन्हा पेरलं. आता डबा रिकामा हाय. जे हाय ते त्या वाफ्यात उभं हाय, म्हून बकऱ्यायची एवढी भीती. यंदा बी हाती नाई आलं तं संपलं.

ती कधी गेली? तान्ह्या पोळ्यालेच. तेच तं सांगून राह्यलो. सकाळी सगळ्या बैलायचे डोळे काढले, प्रेरणाच्या बैलाचे सगळ्यात शेवटी, म्हणे पाह्य बरं, तुह्याकडेच पाहून राह्यला. मंग हाराले सुई घेतली, म्हणे जरा टेकते. तिथं टेकली, त्या तुळशीजवळ. आम्हाले वाटलं डोळा लागला. सुईत अर्धा हार होता.

तुमच्यात पाळते का खोट? नाई पाळत? आमच्यात लय कडक. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घरात बंद. पुरण नाई, हार नाई, कोणाच्या बैलाले बोजारा नाई, दार लोटून बसाचं. दुसऱ्या कोणाच्या घरी उजेड, आपल्या घरी नाई. अन् तो उघडते कधी — त्याच दिवशी त्याच घरात लेकरू जन्मलं तं, नाई तं गाय जनली तं. मंग खोट निंघते. आता सुनेले तं असं सांगता येत नाई न, की बाई, तान्ह्या पोळ्यालेच बाळंत होय. हसा, हसा, मीही हसलोच. मंग राह्यली गाय.

गाय घेतली. खरंच घेतली, ती मागं बांधली ती काय. डोमाजीच्या गोठ्यातली. सगळे म्हणे, दुकान बंद केल्यावर याले गाय कायले पाह्यजे, दात किती राह्यले याचे दूध प्याले. मी कोनाले नाई सांगतलं. नुसतं प्रफुलले सांगतलं, दिवाळीत फोनवर. म्हटलं, हिशोबानं गाय वळूकडे नेऊन भरवतो, नऊ महिने नऊ दिवस धरून, बरोबर तान्ह्या पोळ्याले जनते, खोट निंघते, तुम्ही सगळे या. तो म्हणे, बघतो बाबा, जमवतो. जमवतो म्हणे. मी तेवढ्यावर कार्तिकात गाय भरवून आणली. बोटावर महिने मोजले — मार्गशीर्ष, पौष, माघ, फाल्गुन, चैत, वैशाख, जेठ, आखाड, श्रावण. बरोबर बसलं. मी तिले काय खाऊ घातलं म्हणता, सरकी, ढेप, हरभऱ्याचं कुटार. रात्री उठून पाहो. इकडे बैल कोरले, एक-एक चांगला उतरला. खूप दिवसांनी मले सकाळी उठावंसं वाटे. झाडायले पाणी देऊ, मंग गाय पाहू, मंग लाकूड घेऊ — दिवस कसा जाय समजत नाई.

अन् गाय जनली नागपंचमीले.

बरोबरच जनली ती. तिचं काही चुकलं नाई. चूक माह्यी. यंदा अधिक महिना नाई का आला? दोन जेठ झाले. मी एकच धरला. गावभर जावयायले अनारशे चालू होते, डोमाजीनं ताट भरून माह्याकडं पाठवले, मी खाल्ले, चांगले झाले म्हटलं — अन् डोक्यात नाई आलं की महिना वाढला म्हणजे पोळाही महिनाभर पुढं गेला. घरात बाई असती तं तिनं पह्यल्या दिवशीच सांगतलं असतं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरचं महिन्यामहिन्याले पान उलटे. आता त्या भिंतीवर पाहा, नुसता खिळा हाय. गोऱ्हा झाला, चांगला, पांढरा, कपाळावर टिळा. मी तिथंच गोठ्यात बसलो. गाय त्याले चाटत होती अन् मी बसून होतो. डोमाजी म्हणे, भैय्याजी, काही बोलू नको, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सांग आजच जनली म्हून, कोन पाहाले येते. मी इचार केला. केला, खोटं काऊन सांगू. मंग वाटलं, जिच्या नावानं खोट हाय तिलेच फसवाचं काय?

तं मी प्रफुलले फोन केला. कसं सांगू, त्याले किती वाईट वाटंन, याच धास्तीत दोन-तीन दिवस घालवले. सांगतलं. म्हटलं बेटा, हिशोब चुकला, आधीच जनली. तं तो म्हणे — अच्छा? मग यंदा यायचं काही नाही ना बाबा. असं मोकळं बोलला, जसं कोनं पाठीवरचं पोतं उतरवलं. तिकीट काढलंच नव्हतं म्हणे. रक्षा मागून म्हणे, बाबांना सांगा, तब्येत सांभाळा. वाईट नाई भाऊ ते, कोनीच वाईट नाई. त्यायच्या खोट पथ्यावरच पडून राह्यली. आता समजलं मले. मी खोट काढाले गाय घेतली, अन् ते त्या खोटीच्या आडून निवांत बसले होते.

मी म्हटलं, पोरीले दे. प्रेरणाले म्हटलं, सणाले नको येऊ, मधात कधी येऊन जाय, नुसते डोळे काढून जाय. चित्र चांगली काढते ती, शाळेत बक्षीस मिळालं. आता नववीत हाय. ती म्हणे, आजोबा, त्याला यायची काय गरज? डोळे रेडिमेड मिळतात, मी पाठवते. अन् पाठवले तिनं. लगेच पाठवले, म्हणजे जीव हाय तिचा. ते पाकीट तिथं — हो, तेच. काढा बाहेर. चिकटवाचे डोळे. हलवा बरं, बुबूळ कसं गरगर फिरते. मी एका बैलाले लावून पाह्यले. तो माह्याकडं पाहे अन् सगळीकडंच पाहे. काढून टाकले. डिंकानं रंग निंघाला तिथला, तो पाहा, त्या कोपऱ्यातला, तो नका घेऊ.

कोणता पाह्यजे तुमाले? घ्या. दोन घ्या. सगळेच घेऊन जा न, तुमच्या गल्लीतल्या लेकरायले द्या. मी काही आता कोरत नाई. पैसे ठेवा खिशात, बैलाचे पैसे मी कधी घेतले नाई, आता घेऊन कोणते दिवे लावू. डोळे? घरी गेल्यावर तुमच्या बाईले सांगजा. काडीले कापूस गुंडाळून, त्याच दिवशी सकाळी. पाकीटही न्या, एखाद्या पोट्ट्याले मजा वाटंन.

काय म्हणता? पोरीले घेऊन येता त्या दिवशी, ती इथं बसून काढंन? नाई, नाई. नका आणू. चांगल्या मनानं म्हणून राह्यले तुम्ही, समजते मले, पण त्या दिवशी या घरात कोणाचाच बैल येत नाई. दार लोटलेलं राह्यते. लेकरू येईन, बोजारा मागंन, अन् मी काय आतून ऐकत बसू चाकं? नका आणू, भाऊ.

निंघा आता तुम्ही. पोत्यात टाका सगळे, ते पोतं घ्या, शिंगं वरच्या बाजूनं ठेवा म्हणजे बेगड उतरत नाई. हं. आर्वीची गाडी हाय थोड्या वेळानं.

फाटक? नका लावू. ऐकलं बरोबर तुम्ही. राहू द्या उघडं.