बँकेला एक सोमही दिला नाही

नाही, पण मला सांगा, पैसे माझे, पाच महिने खानावळीत भांडी घासली ती मी, गरम पाण्यानं कातडी सोलवटली ती माझी, आणि ते पैसे माझ्याच आईला मिळावेत म्हणून वर पैसे भरायचे ते पुन्हा मीच? हा कुठला न्याय? मी फार शिकलेला नाही, आठवीतून शाळा सोडली, चारचौघांत बोलायला लागलो की कान लाल होतात माझे, आत्ताही झाले असतील... पण टक्का मला कळतो. टक्का म्हणजे शंभर रोट्या भाजल्या की त्यातली एक कुणीतरी न विचारता उचलून नेणं!

तुम्हाला सांगतो, कझाकस्तानात, अल्माटीत कामाला आलो त्या पहिल्याच आठवड्यात बस थांब्याजवळच्या एटीएममध्ये गावाकडचं कार्ड घातलं आणि शिल्लक किती ते पाहिलं. काढलं काहीच नाही हो, नुसतं पाहिलं! तर कापले. माझेच पैसे बघायचे पैसे! आता आमच्याकडे किर्गिझस्तानात, नारिनला नव्या नवरीचं तोंड बघायला पैसे द्यावे लागतात, ते मला मान्य आहे, कुणाच्या तरी घरची लेक असते, लाजते, तीनदा वाकून नमस्कार करते. पण यंत्र? यंत्र वाकलं का? लाजलं का?

त्याच दिवशी ठरवलं, बँकेला आमच्या चलनातला एक सोमही द्यायचा नाही.

तेव्हापासून पगार काढायला मी चाळीस मिनिटं चालत जातो, जिथे कापत नाहीत त्या एटीएमपर्यंत, आणि चाळीस मिनिटं परत. आमच्या खानावळीत मांती, म्हणजे मटणाचे मोदक, वळणारी गुल्झात एजे आहे, एजे म्हणजे ताई, वयानं मोठी आणि तोंडानं त्याहून मोठी. ती म्हणते, "एसेन, अरे बुटाचा तळ बघ, बोटं बाहेर येऊन रस्ता विचारतायत! नवे बूट केवढ्याला?" मी म्हटलं, "एजे, बूट माझ्या पायांनी फाडले, बँकेनं नाही."

बरं, हे सगळं कशासाठी? गाईसाठी! मागच्या थंडीत आमची गाय मेली आणि तेव्हापासून माझी आपा, म्हणजे आई, काळा चहा पिते. आमच्याकडे काळा चहा म्हणजे... कसं सांगू, पाहुणा आला की ती कप हातानं झाकून धरते, रंग दिसू नये म्हणून. आई आहे हो माझी! तर पाच महिन्यांत गाईपुरते सत्तर हजार सोम जमवले आणि हिशेब करत बसलो. पाठवताना कापणार, इथल्या टेंगेचे आमचे सोम करताना कापणार, गावातलं एटीएम दुसऱ्याच बँकेचं, आपानं काढले की तिथेही कापणार. दोन हजार सोम! म्हणजे गाय घरी पोचेपर्यंत शेपटी गेलीच की!

मग आठवले दोलोत अबाके, म्हणजे दोलोतकाका. आमच्याच गावचे, दर आठवड्याला गावाकडून अल्माटीला टॅक्सी चालवतात, पांढरी दाढी, माणूस सोन्यासारखा. म्हटलं, "अबाके, पोचवायचे किती घ्याल?" ते चिडलेच. "मी काय बँक आहे? तुझ्या बापाबरोबर मेंढरं राखलीत मी, गाढवा!" डोळे भरून आले माझे. पुडकं त्यांच्या हातात दिलं. आणि त्यांनी विचारलं, "एवढे कशाला रे?"

इथे चुकलो. इथेच! पीठमिठाला म्हणायचं की नाही? पण मला खोटं बोलता येत नाही, आधी कान बोलतात. म्हटलं, "आपाला गाय घ्यायचीय." अबाकेंचा चेहरा असा उजळला... "गाय! वा रे पोरा!" मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी मनात म्हणतोय, बँकेला एक सोमही दिला नाही!

रविवारी जनावरांचा बाजार. संध्याकाळी फोन केला. आपा म्हणाली, "दोलोत देवमाणूस रे! एक सोम कमी नाही."

"मग गाय कशी आहे, आपा?"

"अरे, ते पुलापासूनच हॉर्न वाजवत आले! खिडकीतून ओरडतायत, सुयुन्चू! सुयुन्चू!"

संपलं. आमच्यात चांगली बातमी आणणारा "सुयुन्चू" म्हणाला की ऐकणाऱ्यानं त्याला काहीतरी चांगलं द्यायचंच, त्यात 'पण' नाही.

"मग काय दिलंस?"

"मानाचा अंगरखा, चापान घातला त्यांच्या अंगावर. नवा! जुना कसा घालू?"

"बरं. आणि गाय?"

"अरे हॉर्न ऐकून सगळं गाव गोळा झालं ना! काळा चहा द्यायचा त्यांना?"

"मग?"

"मेंढी कापली."

"आपा, आपल्याकडे मेंढी कुठंय?"

"शेजारून घेतली. रोख पैसे दिले, उधारी मला आवडत नाही!"

रोख! कुठून असेल रोख, तुम्हीच सांगा...

"उरलेल्यात कालवड आली रे, कपाळावर चांदणी आहे. दूध काय, दोन वर्षांत देईल."

दोन वर्षं काळा चहा! म्हटलं, "आपा, यापुढे बँकेतूनच पाठवतो. कापले तर कापले."

ती म्हणाली, "नको रे. शेजारणीला बँकेतून पैसे आले तेव्हा तिचा फोन नुसता टिंग वाजला. टिंग ऐकून कुणी घरी येतं का? दोलोतनं सांगितलं, पोरगा बारीक झालाय, पण हसतोय. टिंग सांगतं का असं?"

गुल्झात एजेला सांगितलं, तर ती मांती वळायची थांबली, नाक ओढलं आणि म्हणाली, "मग बूट नंतर घे."

तर आता पद्धत बसवलीय. परवा कालवडीच्या गवताचे पैसे द्यायला गेलो, अबाकेंनी विचारलं, "कशाला रे?" मी पाठ करून गेलो होतो, पीठमिठाला, पीठमिठाला... आणि कान लाल! सांगितलं खरं. "कालवडीला गवत! वा रे पोरा!" पुन्हा तोच चेहरा.

तसाच धावत बँकेत गेलो आणि मेंढीचे पैसे आपाला पुढे पाठवून दिले, म्हणजे हॉर्न वाजेपर्यंत मेंढी दारात उभी पाहिजे. हो, त्यावर कापले. पाठवताना कापले, टेंगेचे सोम करताना कापले, आपानं काढताना कापले... कापू देत. पण गवताच्या पैशांवर, तुम्हाला सांगतो, बँकेला एक सोमही दिला नाही!