धुण्याच्या मशीनची भिशी

…नाही हो काका, चौकीच्या रांगेत पुढे नाही घुसत मी, मला तर उलट सगळ्यांच्या शेवटी जायचंय, जमलं तर जायचंच नाहीये! तुमचं बरं आहे, एक फुलदाणी, काखेत मारली, 'चुकलो साहेब' म्हटलं की सुटलात. मी काय सांगू आत? हे एवढं धूड, हे धुण्याचं मशीन, मी काडीपैलवान एकटीनं उचलून पळाले? आणि तुम्हाला सांगते, मी त्या घरात पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं. मी नुसतं बोलले हो!

काय बोलले? तेच, जे चहाच्या टपरीवर तुम्हीही बोलत होतात! नगरसभेच्या सदस्यांना पगार, पगारावर घरभत्ता, घरभत्त्यावर फोनभत्ता, आणि आमचे हेंदार्तोसाहेब निवडून आल्यापासून गल्लीत आले एकदा, तेही रस्ता चुकून! मग मी चढले बाकावर, कॉलेजच्या मोर्च्याचा भोंगा होताच हातात, आणि ओरडले, "त्यांच्या बंगल्यातली वस्तू न् वस्तू तुमच्या करातून आलीय!" आता भाषणात माणूस असं म्हणतोच की नाही? पण माझी थोरली मावशी, बुदे पोनिराह… 'लग्न कधी करतेस' यापलीकडे जिनं आजवर माझं काही ऐकून घेतलं नाही, तिनं हेच एक वाक्य मन लावून ऐकलं! दुसऱ्या दिवशी लोक त्या बंगल्यात घुसले, आणि बुदे चार बायका घेऊन हे मशीन हातगाडीवर घालून, वरून चादर पांघरून, नवरी आणावी तसं घरी!

"लारास," म्हणते, "हा बघ, आपला कर परत आणला."

म्हटलं, "बुदे, याला चोरी म्हणतात!"

"एकटीनं ठेवलं तर चोरी. आम्ही भिशी लावलीय!"

ऐकलंत? भिशी! शुक्रवारी डब्यातून चिठ्ठी काढायची, जिचं नाव निघेल तिच्याकडे आठवडाभर मशीन! आणि या आठवड्यात कुणाचं निघालं? माझ्या आईचं! जन्मभर जिचे हात साबणानं सोलवटले ती बाई त्या फिरणाऱ्या काचेसमोर सोयाबीनचे तळलेले टेम्पे खात अशी बसली होती, की मला रागवताही येईना. बाहेर मोटरसायकल वाजली तरी मी पलंगाखाली… आणि गल्लीतल्या बायका हसतायत! "एवढी शिकलेली, आणि एवढी भित्री!" अहो, भिऊ नको तर काय करू? मी नुसतं बोलले हो!

मग आज सकाळी मशिदीच्या भोंग्यावरून आवाज आला… "नेलेल्या वस्तू संध्याकाळपर्यंत चौकीत आणून द्या, गुन्हा नोंदवणार नाही. पण चिथावणी देणाऱ्यांची गय करणार नाही!" चिथावणी! धावत बुदेकडे गेले, म्हटलं, माझ्या भाषणाचा व्हिडिओ कुणाकडे आहे का? तर ही मोठ्या कौतुकानं, "अगं, सगळ्यांकडे आहे! मीच पाठवला! आमची लारास कशी बोलते बघा, म्हटलं!"

आईनं घाबरून मशीनची वायर उपटली, ती धुणं चालू असताना. दार अडकलं. आत काय? गल्लीचे प्रमुख सुकिमानकाका, त्यांनी गुपचूप धुवायला दिलेला, नाव शिवलेला सरकारी सदरा! हो, तोच, काचेला चिकटलेला, नाव बाहेरच्या बाजूला! ओढून पाहिलं, नारळाच्या करवंटीनं उचकटून पाहिलं… हलेना.

सुकिमानकाकांकडे बैठक बसली. सगळे पांढरे पडलेले. ते रडवेले होऊन म्हणाले, "प्रतिनिधी निवडायचा, तो परत करेल. हात वर करा, कोण?" आणि सगळ्यांनी एका सुरात माझं नाव! सगळे हात वर! मी इकडेतिकडे पाहिलं, आईचा हातसुद्धा… आईचा तर दोन्ही!

"तूच म्हणायचीस ना, निवडून आलेल्यानं लोकांची कामं करावीत?" बुदे म्हणाली. "जा, कर. चौकीत सांग, मशीन रस्त्यात सापडलं."

"रस्त्यात? आत ओले कपडे घेऊन?"

"पावसात सापडलं म्हण."

म्हटलं ठीक आहे, मरते मी तुमच्यासाठी, पण हातगाडीवाला भाडं मागतोय, वर चार तास ताटकळायचं, तर निदान भाड्याचं आणि वाटेत घोटभर सरबताचं काहीतरी द्या. नुसतं एवढं बोलले हो!

बुदेनं कपाळावर हात मारला. "बघा! निवडून येऊन पाच मिनिटं नाही झाली, आणि हिला भत्ता पाहिजे!"

सदस्यांवर ओरडली नसेल इतकी सगळी गल्ली माझ्यावर ओरडली! भाडं माझ्याच पर्समधून गेलं, आणि चढावर गाडी ढकलायलाही मीच.

…आं? मला बोलावतायत? मलाच? अहो काका, या गाडीला जरा हात लावा… एक सांगा, आत टाकलंच तर जेवण सरकारी खर्चानं असतं ना? असतं? मग मेहेरबानी करा, तेवढं बुदेला कळू देऊ नका. ती उद्या त्याच्याही विरोधात मोर्चा काढेल.