गाडी साफ, ड्रायव्हर नाही

(भंगार वितळवणाऱ्या पोलाद कारखान्याचं फाटक. फाटकाच्या खांबात किरण टिपणारं यंत्र आहे; लेक त्यावर येणाऱ्या गाड्यांमधला किरणोत्सर्ग तपासते. बाप भंगाराचा ट्रक चालवतो.)

बाप: वाजू दे की ती घंटा! पंचवीस वर्षं भंगार आणतोय, एक खिळा चोरीचा आणला नाही.

लेक: ही घंटा चोरीची नाही, बाबा, किरणांची आहे. इंजिन बंद करा, खाली उतरा.

बाप: अगं, नुसते गंजके पाइप आहेत.

लेक: मागे एका दुसऱ्या कारखान्यातही असंच म्हणाले होते. वेल्डिंग तपासायच्या यंत्रातली, किरण सोडणारी, बोटाच्या पेराएवढी गोळी पाइपांत दडून आली आणि भट्टीत गेली. सगळं पोलाद जमिनीत पुरावं लागलं. भट्टीवरची माणसं अजून दवाखान्यात खेपा घालताहेत.

बाप: एवढ्याशा गोळीनं?

लेक: एवढ्याशाच. लांब उभे राहा, मी मीटर फिरवून बघते.

बाप: ...काय गं? तोंड का उतरलं?

लेक: हौदा साफ आहे. केबिनही साफ.

बाप: मग उघड फाटक!

लेक: मीटर तुमच्याकडे वळवला की काटा उड्या मारतोय.

बाप: माझ्याकडे? मी काय भंगार आहे?

लेक: सकाळी कुठे होतात?

बाप: टायर बदलायला.

लेक: बाबा.

बाप: बरं बाई, दवाखान्यात. जिना चढताना छातीत कळ यायची. दंडात सुई टोचली, म्हणाले, औषध हृदयात कुठवर पोचतं ते कॅमेऱ्यात दिसेल.

लेक: कधीपासून कळ येतेय?

बाप: झाले दोन महिने. तुझ्या जिवाला घोर नको म्हणून...

लेक: दोन महिने! आणि मला हे कोण सांगतंय, तर फाटकाचा खांब!

बाप: चिडू नकोस. पण मला एक कळेना. औषध माझ्या छातीत, मी दार लावून केबिनमध्ये. खांबाला कळलं कसं?

लेक: त्या औषधातले किरण बाहेर आले. बरगड्यांतून, सदऱ्यातून, दाराच्या पत्र्यातून आरपार.

बाप: आत्ताही येतायत?

लेक: आत्ताही. दर सहा तासांनी निम्मे होत जातील.

बाप: अरे देवा! छातीवर हात ठेवतो तर साधी ऊबही लागत नाही. आणि त्या गोळीतूनही असेच किरण?

लेक: तसेच. पण तिचा जोर भयंकर, आणि ती वर्षानुवर्षं थांबत नाही.

बाप: एक माणसं जाळतं, दुसरं काळीज दाखवतं. कमालच आहे बुवा.

लेक: काय दिसलं काळजात?

बाप: एका कोपऱ्याला रक्त कमी पोचतंय. सोमवारी नळी मोकळी करणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेत आलात. हा घे त्यांचा कागद.

लेक: तिथेच ठेवा. तुम्ही मागे सरा, मग मी घेते.

बाप: आता आणि मागे कशाला? घरच्यांना धोका नाही म्हणाल्या. उद्यापर्यंत फक्त तान्ह्या मुलांना मांडीवर घेऊ नका, आणि पोटुशी बाई असेल तर तिच्या फार... पोरी? मागे का सरलीस?

लेक: दहावा आठवडा लागलाय. रविवारी घरी येऊन सांगणार होते.

बाप: अगं... थांब, तू हलू नकोस. मीच जातो त्या भिंतीपाशी. ऐकू येतंय ना?

लेक: येतंय. एवढं लांब नको हो, बाबा.

बाप: असू दे. आईला कळलं?

लेक: अजून नाही. आधी तुम्हालाच.

बाप: मग जरा उभा राहतो इथे. लांबूनच बघतो तुला.