जीपला कुणी खरं सांगतं व्हय?

...आन् वर मलाच इचारती, "मुलीला खायला काय घालणार?" मला! आता तुमीच सांगा, ह्यो काय सवाल झाला? आवं, सारी नोकरी पलटणीत लांगरी हुतो मी. लांगरी म्हंजे सैपाकी, पर सादा न्हवं, वर्दीतला! बर्फात चूल पेटवली, राजस्थानच्या वाळूत डाळीला फोडणी दिली, वारं असं की जिरं टाकावं तर पाकिस्तानात पडायचं, तरी अख्खी पलटण जेवली माझ्या हातचं. अख्खी पलटण! आन् ही बाई पेन उघडून म्हणती, एका सहा वर्साच्या पोरीला खायला काय घालणार...

न्हाई, थांबा, मी मधनंच सुरू केलं. माझं हे असंच हुतंय. मुळापासनं सांगतो.

तुमाला सांगतो, आमाला मूलबाळ न्हाई. बनुबाईनं, म्हंजे आमच्या मालकीणबाईनं, तीस वर्सांत कवा काय मागितलं न्हाई. न साडी, न सोनं. मी सुट्टीवर आलो की एकच म्हणायची, घरी तरी सैपाक करू नगा. माया वो, मला इसावा पायजे म्हणून! तर गेल्या साली आमी सांगलीत एका बालगृहात पोरांना शिरा खायला घालायला गेलो. शिरा मीच केला, दुसरा कोण करणार? तिथं एक पोरगी, अंगानं एवढीशी आन् नाव संयोगिता, तिनं आपली शिऱ्याची वाटी गपचिप शेजारच्या पोराफुडं सरकवली. मी म्हणलं, काय मन मोठं हाय बघा लेकराचं! मग ती हातात रिबीन घिऊन बनुबाईपशी आली, म्हणली, बांधून द्या. बांधली. झालं! एस्टीत पलूस येईपतोर बनुबाई खिडकीबाहेर बघत बसली, आन् घराचा उंबरा वलांडता वलांडता म्हणली, "आवं, ती पोर आपल्याकडं आणूया." तीस वर्सांत पयलंच मागणं. आता न्हाई म्हणायला मी काय दगड हाय?

दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगली. तिथल्या मॅडमनं नीट समजावून सांगितलं, की पोरीला बाप न्हाई, आई मिरजंला दवाखान्यात हाय, बरी हुयाला लय दिवस लागतील, तवर एखाद्या घरानं पोरीला संभाळावं अशी सरकारची योजना हाय. दत्तक न्हाई हं, म्हणल्या, आई बरी झाली की परत द्यायची. म्हणलं, आईची लेक आईकडंच जायची, आमी काय पळवून नेतो व्हय? द्या, आत्ताच्या एस्टीनं नेतो.

हसल्या की वो त्या. म्हणल्या, तसं नसतं, आधी दाखले आणा.

आन् तिथनं जे माझं चाक फिरलं! पोलिसात गेलो, चांगल्या वागणुकीचा दाखला द्या म्हणलं, तर जमादार इचारतो, तुमच्यावर केस कंची? म्हणलं, केस न्हाई. मग म्हणतो, आमच्याकडं तुमची नोंदच न्हाई तर तुमी चांगलं का वाईट हे मी कशावरनं ल्हिऊ? म्हंजे काय, आधी एखादी कोंबडी चोरू काय? डाक्टरकडं गेलो, मूल आणायचंय, तब्येतीचा दाखला द्या म्हणलं, त्येनं छातीला नळी लावली आन् म्हणला, नाथाजी, ठणठणीत हाय, मूल कुणाला हुणार हाय? मग लग्नाचा पुरावा. आता आमच्या लग्नात फोटोवाला कुठला? भटजी गेले, वाजंत्री गेले, ज्या घोड्यावर बसलो ते घोडंबी गेलं. शेवटी बनुबाईच मॅडमला म्हणली, "तीस वर्सं ह्यांच्या हातचं खाती हाय, लग्न झाल्याबिगर कोण खाईल?" मॅडमनं ते मान्य केलं. का केलं ते मला तवा कळलं न्हाई.

आन् मग म्हणल्या, आता आमी घर बघायला येणार, शेजारीपाजारी चौकशी करणार. म्हणलं, या की! गावात माझ्याबद्दल वाकडा शब्द बोलणारा मायेचा पूत दाखवा!

आली जीप. सरकारी जीप, पांढरी, दारावर अक्षरं. आता तुमाला सांगतो, चूक झाली ती इथंच. आमच्या गावात सरकारी जीप म्हंजे कर्ज माफ, न्हाईतर घरकुल, न्हाईतर गारपिटीची पाहणी. जीप पाराजवळ थांबली, मॅडमनं काच खाली केली आन् नानासोंना इचारलं, की नाथाजींच्या घरची परिस्थिती कशी आहे? संपलं! परिस्थिती शब्द ऐकला आन् आमच्या नानासोंनी टोपी काढून हातात घेतली. माझा जीवाभावाचा माणूस वो, माझं भलं व्हावं म्हणून तोंड असं केलं जणू मयतीला आलाय, आन् म्हणला, "काय सांगायची मॅडम, बघवत न्हाई." मग सुरूच झाला, की पाऊस आला की सारं घर गळतंय, पेन्शन येती आन् औषधातच जाती. कसली औषधं? मला शेवटची गोळी लागली ती पलटणीत, तीबी डोकं दुखतंय म्हणून! म्हशीवाल्या केरबाला वाटलं आपुन मागं का ऱ्हावा, त्येनं सांगितलं, दुधाचं नाव काढू नगा, त्यांनी दूध बघून साल झालं, आन् नाथाजीला आता नजरंनंबी दिसत न्हाई. म्हंजे अपंगाचंबी काय असंल तर मिळून जावं!

आन् दगडाबाई. आमच्या भिंतीला भिंत लागून हाय तिची. लय चांगल्या काळजाची बाई, उभ्या जन्मात खोटं बोलली न्हाई. पर तिनंबी डोळ्याला पदर लावला आन् म्हणली, "रोज मीच दोन भाकरी पोचवते, म्हणून ही दोघं जगल्यात."

आन् मी? मी घरात! मला काय ठावं? मॅडम येणार म्हणून पलटणीचा कोट घालून चुलीफुडं, रश्श्याला कांदा चिरतोय, डोळ्यातनं धारा. त्यात माझं एक हाय, मला कमी करता येत न्हाई. हातच तसा बसलाय. तवा पाव्हणी एक, आन् रस्सा चाळीस माणसांचा. मॅडम दारात आल्या, मला काय दिसतंय, कांद्यानं डोळं मिटल्यालं, मी हात फुडं करून चाचपत म्हणलं, या, या, बसा, आन् बसा म्हणून दावलं ते चुलीकडंच. मॅडमचं डोळं भरून आलं. म्हणलं, जेवून जा. तर म्हणल्या, "नको, नको, तुम्हालाच राहू द्या." त्यो टोप बघून म्हणल्या, हे एवढं किती दिवसांचं? मी छाती फुगवून सांगितलं, आत्ताचंच हाय! मग त्येंनी पेन उघडलं आन् त्यो सवाल इचारला, पोरीला खायला काय घालणार. मला असा राग आला! म्हणलं, मॅडम, अख्खी पलटण जेवलीय माझ्या हातचं! त्या आपल्या बनुबाईचा हात थोपटून गेल्या.

आठ-धा दिसांनी निकाल ऐकायला गेलो. मॅडम लय मायेनं बोलल्या. म्हणल्या, पोरीचं नाही जमणार, पण तुम्हा दोघांचं नाव मी निराधार योजनेला सुचवलंय. निराधार! आवं, मूल मागाय गेलो आन् आमालाच अनाथ करून पाठवलं!

तिथनं तरातरा पारावर आलो, म्हणलं, नानासो, काय वैर हुतं रं आपलं? सारा उलगडा झाला. नानासो म्हणला, "आरं गड्या, जीपला कुणी खरं सांगतं व्हय?" मीबी गारपिटीच्या येळंला त्येच्या द्राक्षाबद्दल तसंच सांगितलं हुतं की. दगडाबाई बिचारी रडाय लागली. आन् बनुबाई? तिनं पोरीसाठी माधवनगरच्या बाजारातनं रिबिनीचं रीळ आणलं हुतं, लाल, ते ट्रंकंत तळाशी घातलं आन् वर घोंगडं टाकलं. त्या रातीला मी रागानं तीस माणसांचा भात केला, पर घशाखाली उतरंना. मला लय वाईट वाटलं, खरं सांगतो.

गावालाबी लागलं ते. मी सांगलीला खेपा घालून घालून मॅडमला कबूल करून घेतलं, की अजून एकदा या. आन् नानासोनं इडा उचलला, म्हणला, ह्या खेपेला बघच! म्हणलं, बाबा, नुसतं खरं सांगा. तर म्हणतो, खरं सांगायचंच, पर जरा ठसक्यात.

मॅडम आल्या तवा माझं घर मलाच वळखू येईना! नानासोचा सोफा दारातनं आत जाईना, तर अंगणात, वर दगडाबाई मांडी घालून, खाली ठेवायला पाय पोचत न्हाईत म्हणून. रंगीत टीव्ही तुळशीजवळ. कुणाचा तरी फ्रीज सैपाकघरात, वायर लोंबकळत. आन् गोठ्यात केरबाच्या चार म्हशी. केरबा स्वतः फुडं येऊन सांगतोय, नाथाजीची नजर म्हंजे काय मॅडम, गरुड! पलूसची एस्टी हितनं दिसती त्येला! मॅडम म्हणल्या, म्हणजे डोळे बरे झाले? तर म्हणतो, तुमी येऊन गेला आन् फरक पडला.

मॅडमनं फ्रीज उघडला, आत दोन वाकळा आन् एक छत्री. गोठ्यात गेल्या, इचारलं, ह्या म्हशीचं नाव काय? मला काय ठावं वो! म्हणलं, संगीता. तवर धारंचा वकुत झाला. आता म्हशीला कुठं कळतंय की आज ती नाथाजीची हाय? दावी ढिली बांधल्याली, एक सुटली, तिच्या मागनं बाकीच्या, सोफ्याला वळसा घालून केरबाच्या घराकडं निघाल्या. मॅडम म्हणल्या, नाथाजी, तुमच्या म्हशी चालल्या. म्हणलं, व्हय... फिराय जात्यात.

तवा बनुबाई फुडं आली. म्हणली, "मॅडम, सोफा नानासोंचा, म्हशी केरबाच्या, फ्रीज कुणाचा मलाबी ठावं न्हाई. आमचं घर, पाऊण एकर ऊस आन् ह्यांची पेन्शन हाय. घर गळत न्हाई." मग मॅडमला आत घिऊन गेली आन् बारकी बाज दावली, वर स्वतः शिवल्याली वाकळ, उशाला ते लाल रिबिनीचं रीळ. कवा ट्रंकंतनं काढलं हुतं कुणास ठावं. मॅडम बाजंवर बसल्या आन् जे हसाय लागल्या, हसता हसता डोळं पुसाय लागल्या. म्हणल्या, "एका मुलीसाठी सगळं गाव उचलून अंगणात आणलंत. घेऊन जा तिला."

आली वो पोरगी! दर म्हैन्याला मिरजंला आईला भेटवून आणतो. बनुबाईच्या मागं मागं फिरती, दोन येण्या, लाल रिबिनी. सारं झ्याक हाय. फकस्त... पयल्या दिवशी मी डाळ केली. खास. पलटणीची डाळ! पोरीनं एक घास घेतला, माझ्याकडं बघितलं, बनुबाईकडं बघितलं, आन् ताट घिऊन सरळ दगडाबाईच्या घरात गेली. मी म्हणलं, लाजली असंल. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच! मी बनुबाईला म्हणलं, ही काय तऱ्हा? अख्खी पलटण जेवली माझ्या हातचं! तर बनुबाई शांतपणे म्हणती, "पलटणीला दुसरीकडं जायाची परवानगी नव्हती." म्हंजे तीस वर्सं... सोडा. नगं ती आठवण.

मग पोरीला एकटीला जेवाय कसं तरी वाटतंय म्हणून बनुबाई तिकडं जेवाय लागली. मग मला हिकडं एकट्याला कसं तरी वाटाय लागलं.

परवा मॅडम पुन्हा आल्या, पोर कशी हाय बघायला. गाल वर आल्यालं बघून खूश! पोरीला जवळ घिऊन इचारलं, जेवायला कोण देतं गं? पोरगी म्हणली, "दगडाबाई. आम्हा तिघांना." मॅडमनं माझ्याकडं बघितलं. भिंतीपलीकडं दगडाबाई भाकरी थापत हुती, थाप-थाप ऐकू येत हुतं. म्हणल्या, "म्हणजे त्या पहिल्या दिवशी खरंच बोलत होत्या?" आता काय सांगू? म्हणलं, व्हय मॅडम... फकस्त तवा दोन भाकरी हुत्या, आता सहा लागत्यात.