अर्धलीचं वासरू

धुरपदाबाई : हे वासरू आपल्या गायीचं न्हाई, बन्सीआबा.

बन्सीधर : तिचंच हाय. माझ्या डोळ्यांसमोर व्याली.

धुरपदाबाई : गाय लाल कंधारी, गेरूवानी तांबडी. अन हे काळं-पांढरं? मी ऊसतोडीला गेल्यावर कुणी बदललं का काय?

बन्सीधर : त्याचं असं झालं, धुरपदा. देवगाव फाट्यावर दुधाच्या पावडरीचा लय मोठा बोर्ड लागलाय. त्यावर ठिपक्याठिपक्याची विलायती गाय. आपली गाय चरायला तिथनं जायची अन बोर्डाकडं टक लावून बघायची. चारा सोडला, पाणी सोडलं. शेवटी पोटातल्या वासरावर छापाच उमटला.

धुरपदाबाई : मग अंगावर पावडरीचा भाव बी छापून आला असंल.

बन्सीधर : आला हुता. मी पुसला.

राजनंदिनी : मावशी, छापा-बिपा काही नाही. विलायती वळूचं इंजेक्शन भरवलंय.

धुरपदाबाई : ही कोण?

बन्सीधर : राजनंदिनी म्याडम. परभणीला जनावरांची डाक्टरकी शिकायलीय. शाश्वत पशुपालनाबद्दल गुरंवाल्यांना काय वाटतं, ते इचारत फिरायलीय.

धुरपदाबाई : आधी मला काय वाटतं ते लिव, बाई. गाय माझी, अर्धलीनं ह्यांच्याकडं दिली. सांभाळायची ह्यांनी, दूध ह्यांचं. पहिलं वासरू माझं, दुसरं ह्यांचं. आबा, गाय गाभण हाय म्हणलात, कशानं ते सांगितलं न्हाई.

बन्सीधर : तू इचारलंस कुठं?

धुरपदाबाई : मला वाटलं गावचाच वळू!

बन्सीधर : अगं, गोऱ्हाच झालाय ना? तुला गोऱ्हाच पायजे हुता.

धुरपदाबाई : वशिंड कुठंय त्याला? जू काय शेपटावर ठेवू? ह्याच गायीचा, तुमच्याकडं द्यायच्या आधीचा खोंड घरी उभा हाय, त्याला जोड पायजे हुती. बैलगाडी झाली असती तर डोक्यावरच्या मोळ्या सुटल्या असत्या. मान गेली माझी, आबा.

राजनंदिनी : संकरित गोऱ्ह्याला वशिंड फारसं येत नाही, मावशी. उन्हात धापाही लवकर टाकतो.

बन्सीधर : आता हे सांगायलीस! सेलूला गुरांच्या डाक्टरांच्या पहिल्या मीटिंगीत म्हणले, गायीच्या ढेकरानं आभाळ तापायलंय, गुरं कमी ठेवा, दूध जास्ती काढा, विलायती करा. दुसऱ्या मीटिंगीत म्हणले, देशीच टिकंल, तीच सांभाळा. मी म्हणलं, कुणालाच नाराज करू नये. गाय देशी ठेवली, इंजेक्शन विलायती भरलं.

धुरपदाबाई : अन ह्यातलं खरं काय, म्याडम?

राजनंदिनी : दोन्ही खरंच आहे, मावशी. म्हणजे... दुधासाठी एक, कामासाठी दुसरं. आमच्या वर्गातसुद्धा यावरून भांडणं होतात.

बन्सीधर : बघ! शिकलेले बी भांडायलेत, अन शिव्या मला.

धुरपदाबाई : शिव्या अजून दिल्याच न्हाईत. हे वासरू तुमी ठेवा. पुढचं माझं. अन गाय कुठं न्यायची ते मी ठरवीन.

बन्सीधर : कबूल. गावच्या त्या आखूड शिंगाच्या लाल वळूकडं ने. तो एकदा हंबरला तर इथनं मानवतपोतर गायी उभ्या राहतात.

धुरपदाबाई : पण कालवड झाली तर? दूध देईल, गाडी वढंल का?

बन्सीधर : ते देवाच्या हातात.

राजनंदिनी : आता तसं राहिलं नाही. एक इंजेक्शन निघालंय, त्यानं बहुतेक कालवडीच होतात.

धुरपदाबाई : अन गोऱ्हेच व्हतील असं?

राजनंदिनी : तसं कुठं मिळताना पाहिलं नाही मी.

धुरपदाबाई : का बरं?

राजनंदिनी : गोऱ्हे आता कुणी मागत नाही, मावशी.

धुरपदाबाई : मी मागायलेय की.