त्यात काय, एक फळी तर रंगवायचीय!

...नाही नाही, हसू नका! तुम्हाला सांगतो, फळी रंगवणं ही हसण्यावारी न्यायची गोष्टच नाही! तुम्ही म्हणाल, त्यात काय, एक फळी तर रंगवायचीय! हेच, अगदी हेच माझी बायको म्हणाली होती. ती मातीचे कप करते. छान करते हां, उगाच नाही... तीन वर्षं भट्टीशेजारी बसून कपांबरोबर स्वतःही भाजून निघालीय बिचारी. आणि यंदा एका मोठ्या प्रदर्शनवाल्यांनी कळवलं, की एका कपाचा एक फोटो पाठवा, शुक्रवारी पाचच्या आत, आवडला तर जागा देऊ. झालं! कॅमेरा माझा, म्हणून जबाबदारीही माझी!

आता कपाच्या मागे काहीतरी बरं दिसायला हवं ना? आमच्या घरात कुठल्याही वस्तूच्या मागे काय असतं? दुसरी वस्तू! जुना एक कप ठेवून बघितला, तर पहिल्या फोटोत कपामागे इस्त्री, दुसऱ्यात सासूबाईंचा गुडघ्याचा पट्टा, तिसऱ्यात खुद्द सासूबाई! मग मोबाइलवर एक बाई सांगताना दिसल्या, की मागे जुनी, ओल आलेली, पोपडे उडालेली भिंत असली की फोटोत म्हणे जीव येतो. आणि ती घरच्या घरी करायची, फळीवर! पुट्टी थापा, खरवडा, राखाडी रंग द्या, वर चहाचं पाणी शिंपडा... सोप्पं!

तीन दिवस! जेवायच्या टेबलावर फळी आणि जेवायला आम्ही जमिनीवर. पुट्टी सुकता सुकेना, सुकली तर तडा जाईना. आयुष्यात मी हात लावला त्या प्रत्येक गोष्टीला तडा गेलाय हो, पण हवा तेव्हा एक जाईल तर शपथ! सासूबाई येता-जाता, "अहो जावईबापू, चांगल्या फळीची वाट कशाला लावताय? त्यात काय, एक फळी तर रंगवायचीय!" शेवटी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर तासभर धरून बसलो, तेव्हा कुठे एक बारीक तडा... आहाहा! डोळ्यांत पाणी आलं माझ्या!

शुक्रवारी सकाळी फळी तयार. शंभर वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नसेल अशी भिंत! ती बाल्कनीत ठेवली आणि आम्ही दोघं भट्टीतून कप आणायला गेलो. तेवढ्यात घरी आला रंगारी. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला दोन वर्षं ओल आहे, वरच्या काकांचा नळ गळतो म्हणून. ती बघायला मीच बोलावलं होतं त्याला! त्याने भिंत चाचपली, "वरचं पाणी थांबल्याशिवाय इथे रंग धरायचा नाही," म्हणाला आणि निघाला. निघता निघता त्याला बाल्कनीतली फळी दिसली...

आम्ही साडेचारला आलो तर फळी पांढरीशुभ्र! गुळगुळीत! तडा नाही, डाग नाही! आणि हा ब्रश धुतोय. "साहेब, खरं सांगू? बघवेना मला. तुमच्या घरात असली फळी? सगळे तडे भरले, घासून घेतली, दोन हात मारले. पैसे नकोत. त्यात काय, एक फळी तर रंगवायची होती!" वर सासूबाईंनी त्याला चहा दिलेला!

तीन वर्षांची मेहनत आणि माझ्या एका फळीपायी पाण्यात! पाचला वीस मिनिटं राहिली. बायकोने कप उचलला, स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर ठेवला आणि मी बघतच राहिलो. कपामागे पोपडे! तडे! हिरवट-राखाडी ओल! "हलू नकोस!" मी असा ओरडलो की सासूबाईही जागच्या जागी थिजल्या. खटाक!

निवड झाली हो! कळवलं, कप सुंदर, उरलेले बारा कप भट्टीतून निघतील तसतसे त्यांचेही फोटो पाठवा, फक्त मागची भिंत हीच ठेवा. बायको रडली, मी रडलो. आणि दारात वरचे काका, गालातल्या गालात हसत, "दोन वर्षं भांडत होतात ना? घ्या! कालच नवा नळ बसवला!"

भिंत सुकायला लागलीय, तुम्हाला सांगतो... बारांतल्या एकाच कपाचा फोटो झालाय, अकरा अजून भट्टीत आहेत! म्हणून रोज सकाळी वर जातो, बेल वाजवतो आणि हात जोडून उभा राहतो, "काका... त्यात काय, एक नळ तर गळू द्यायचाय!"